परत येता आलं पाहिजे

घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं लगेच टोकतात. निघतानाच परतण्याचा शब्द द्यायचा, अशी आपली रीत. या रीतीला अपवाद असलेल्या जागा थोड्या: पोलीस ठाणं, कोर्ट आणि हॉस्पिटल. हॉस्पिटलातून निघताना कोणी ‘येतो’ म्हणत नाही. उलट वॉर्डातल्या सिस्टर हसून सांगतात, ‘आता परत दिसू नका हं इथे!’ आपणही हसतो, पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात देतो आणि लिफ्टकडे वळतो.

वाक्य मायेचंच आहे. पण त्यात एक निकाल दडलेला आहे. परत यावं लागलं, तर काहीतरी बिघडलं. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणामुळे बिघडलं? सर्जनचा हात चुकला? घरच्यांनी हयगय केली? पेशंटनं पथ्य मोडलं? पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर महिन्याभरात पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं, की आपण जवळजवळ नेहमी असा आरोपी शोधायला लागतो. मला ही सवय चुकीची वाटते, आणि धोक्याचीही. कारण आरोपी ठरण्याच्या भीतीनं माणसं परत जायचं टाळतात, आणि टाळलेला एखादा दिवस जिवावर बेतू शकतो.

आधी पोटात काय होतं ते बघू. जठर, मोठं आतडं, गुदाशय, स्वादुपिंड, यकृत, अंडाशय यांपैकी कुठेही गाठ असली आणि ती काढायची ठरली, की बहुतेक वेळा नुसती गाठ निघत नाही. तिच्या आजूबाजूचा भाग आणि लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. आतड्याचा तुकडा काढला तर उरलेली दोन टोकं जोडावी लागतात. स्वादुपिंडाच्या डोक्याजवळची गाठ असेल तर ‘व्हिपल’ नावाचं ऑपरेशन करतात. त्यात स्वादुपिंडाचा काही भाग, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनलिकेचा भाग आणि कधी जठराचाही काही भाग काढून उरलेल्या सगळ्याची नव्यानं जोडणी करतात. हे जोड जिवंत मांसाचे असतात. ते भरून यायला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत पेशंट बेशुद्ध पडून नसतो. तो खातो, चालतो, खोकतो, घरी जातो.

त्यामुळे ऑपरेशन उत्तम होऊनही पुढे काही होऊ शकतं. जोड झिरपू शकतो, आत पू साठू शकतो, टाक्यांच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो. जठर काही काळ हलेनासं होतं आणि खाल्लेलं उलटून पडतं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. किंवा अगदी साधं म्हणजे अंगातलं पाणी कमी होतं. स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण पाचातला एक पेशंट महिन्याभरात पुन्हा ॲडमिट होतो, असं अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हे अभ्यास नावाजलेल्या हॉस्पिटलांमधलेही आहेत. म्हणजे परत येणं हा अपघात कमी आणि या प्रवासातला एक माहीत असलेला टप्पा जास्त आहे. तो सगळ्यांना लागत नाही, पण लागला तर आश्चर्य वाटू नये, इतका तो नेहमीचा आहे.

मग त्याला अपयश का म्हणायचं? इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं ‘तिकीट’ निघतं. काम झालं की तिकीट बंद. बंद तिकीट ग्राहकानं पुन्हा उघडलं तर त्याला ‘रीओपन’ म्हणतात, आणि रीओपनचं प्रमाण टीमच्या कामगिरीत मोजलं जातं. ऐकायला रास्त वाटतं. पण हा आकडा कमी करायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे काम नीट करणं. दुसरा म्हणजे तिकीट पुन्हा उघडणं ग्राहकाला अवघड करणं. ‘ही नवी तक्रार आहे, नवीन तिकीट काढा’ असं सांगायचं, बटण कुठेतरी आत लपवायचं. ग्राहक कंटाळतो, गप्प बसतो, आणि महिन्याअखेरचा आलेख सुंदर दिसतो. या धंद्यात काम करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. एखादं माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही, हा नियम ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं ओळखला जातो.

हॉस्पिटलांच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलं गेलं आहे. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याखालच्या पेशंटांपैकी जवळजवळ पाचातला एक ३० दिवसांत पुन्हा ॲडमिट होतो, असं २००९ साली स्टीफन जेंक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. तिथल्या सरकारनं कायदा केला आणि ऑक्टोबर २०१२ पासून, अपेक्षेपेक्षा जास्त पेशंट परत येणाऱ्या हॉस्पिटलांचे पैसे कापायला सुरुवात केली. सुरुवातीला हृदयविकाराचा झटका, हृदयाची कार्यक्षमता कमी होणं आणि न्यूमोनिया हे तीन आजार धरले होते. परत येणारे पेशंट कमी झाले. पण २०१८ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की त्याच काळात यांतल्या दोन आजारांच्या पेशंटांचे डिस्चार्जनंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू वाढले होते. याचं कारण ही योजनाच होती का, यावर तिथल्या तज्ज्ञांत अजून वाद आहे; दुसऱ्या काही अभ्यासांचा निष्कर्ष वेगळा आहे. मी त्या वादाचा निकाल देणारा कोणी नाही. पण असा वाद होऊ शकतो, यातच एक गोष्ट कळते. परत न आलेला माणूस दोन कारणांनी परत आलेला नसतो. एक तर तो बरा आहे, किंवा तो येऊ शकला नाही. आकड्यात दोघं सारखेच दिसतात.

याच्या उलट बाजूचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. अमीर गफेरी, जॉन बर्कमायर आणि जस्टिन डिमिक या सर्जनांनी २००९ साली अमेरिकेतल्या ८४,७३० पेशंटांची माहिती तपासली. त्यांचा प्रश्न सरळ होता: काही हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर जास्त माणसं का दगावतात? आपल्याला वाटेल, तिथे जास्त गुंतागुंत होत असेल. तसं नव्हतं. चांगल्या आणि वाईट, दोन्ही टोकांच्या हॉस्पिटलांत गुंतागुंत होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. फरक पुढे होता. मोठी गुंतागुंत झालेल्या पेशंटांपैकी वाईट टोकाच्या हॉस्पिटलांत २१.४ टक्के दगावले, चांगल्या टोकाच्या हॉस्पिटलांत १२.५ टक्के. म्हणजे चांगलं हॉस्पिटल हे जिथे काही बिघडतच नाही असं नव्हे. बिघडलेलं जिथे वेळेत ओळखलं जातं आणि सावरलं जातं, ते चांगलं.

आता हा विचार हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर न्या. डिस्चार्ज झाल्यावर बिघाड वेळेत ओळखायचं काम कोणाकडे जातं? मॉनिटर बघणाऱ्या सिस्टरकडून ते घरातल्या आईकडे, बायकोकडे, मुलाकडे जातं. ज्यांना यातलं सगळ्यात कमी कळतं, ज्यांची झोप झालेली नाही आणि ज्यांचं त्या माणसावर सगळ्यात जास्त प्रेम आहे, त्यांच्याकडे.

हे मी घरात बघितलं आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात बाबांचं गुदाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन मुंबईतल्या एका हॉस्पिटलात झालं. खालचा जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला पिशवी लावली होती. याला इलिओस्टोमी म्हणतात. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम पाणी आणि क्षार शोषून घेणं. तो टप्पाच वगळला गेला की पाणी आणि मीठ पिशवीतून बाहेर पडत राहतं. घरी आल्याच्या नवव्या रात्री पिशवी सारखी भरत होती. बाबांना उभं राहिलं की चक्कर येत होती, पोटऱ्यांत गोळे येत होते, लघवी जवळपास बंद. डिस्चार्ज कार्डावर ‘त्रास झाल्यास संपर्क साधावा’ असं छापलं होतं. खालचा नंबर ओपीडीचा होता आणि ओपीडी संध्याकाळी बंद होत असे.

‘अरे, सोमवारी जायचंच आहे ना तपासायला? दोन दिवस काढू की,’ बाबा म्हणाले.

‘बाबा, तुम्हाला उभं राहता येत नाहीये.’

‘परत गेलो तर लोक म्हणतील, ऑपरेशन फसलं.’

बाबा एसटीत कंडक्टर होते. पनवेल डेपोतून निवृत्त झाले. स्टॉपवर उतरवलेला पॅसेंजर पुन्हा गाडीत चढवायचा म्हणजे आपली काहीतरी चूक, हा त्यांचा हिशेब. पेणहून आत्याचा फोन आला, तिनं ताक-भात द्यायला सांगितलं. शेजारच्या काकांचं म्हणणं, ऑपरेशननंतर एवढं चालायचंच. कोणीच वाईट सांगत नव्हतं. आणि मी, ज्याला सर्व्हर बंद पडला तर रात्री तीनला फोन येतो आणि काय करायचं याची पायरीवार यादी समोर असते, तो स्वयंपाकघरात उभा राहून विचार करत होतो की या माणसासाठी अशी यादी कुठे आहे.

एक ओळ होती. डिस्चार्जच्या दिवशी पिशवी बदलायला शिकवणाऱ्या सिस्टरनं आईला सांगितलं होतं, ‘मोजायचं भांडं वेगळं ठेवा. दिवसात दीड लिटरच्या वर गेलं तर विचार करत बसू नका, या.’ आईनं मोजलं होतं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं. त्या दिवसाची बेरीज दोन लिटरच्या वर होती. आईनं तो कागद बाबांसमोर धरला आणि म्हणाली, ‘सिस्टरनी सांगितलंय.’ वाद संपला. रात्री दीडला आम्ही अटल सेतूवरून निघालो. चार दिवस सलाईन, क्षारांची भरपाई, आतड्याचा वेग कमी करणारी गोळी. मूत्रपिंडावर ताण यायला सुरुवात झाली होती. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी कोणालाच काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ‘बरं झालं आलात.’

त्या रात्रीबद्दल मी नंतर बराच विचार केला. समजा, आम्ही सोमवारपर्यंत थांबलो असतो आणि बाबा आपोआप सावरले असते, तर सगळे म्हणाले असते, ‘उगाच धावपळ केली नाही, शहाणपणा केला.’ थांबलो असतो आणि मूत्रपिंडं निकामी झाली असती, तर त्याच निर्णयाला निष्काळजीपणा म्हटलं असतं. निर्णय एकच, माहिती तीच, पण निकाल नशिबावर. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली या कोड्याला ‘नैतिक नशीब’ असं नाव दिलं. जे आपल्या हातात नाही त्यासाठी माणसाला दोष देऊ नये, असं आपण मानतो, आणि प्रत्यक्षात रोज तसाच दोष देतो. आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या घरात हे कोडं पुस्तकातलं राहत नाही. ते रात्री एक वाजता ओट्याजवळ येऊन उभं राहतं.

सिस्टरच्या त्या एका वाक्यानं काय केलं? त्यानं निर्णय आमच्या डोक्यावरून उचलून आकड्यावर ठेवला. धाडसी कोण, घाबरट कोण, कोणाचं प्रेम जास्त, हे प्रश्नच उरले नाहीत. दीड लिटरच्या वर गेलं, आता निघायचं. मला वाटतं, डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलनं घराला द्यायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. औषधांच्या यादीइतकीच, अमुक झालं की निर्णय तुमचा नाही, आमचा, असं सांगणारी एक रेष. ताप किती आला की यायचं, उलट्या किती झाल्या की यायचं, लघवी किती तास झाली नाही की यायचं, आणि रात्री फोन कोण उचलणार. ज्याला माहीत आहे त्यानं रेष आखायची. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून अंदाजाची अपेक्षा करायची नाही, आणि अंदाज चुकला तर त्याला दोषही द्यायचा नाही. जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. जबाबदारी ज्ञानाच्या मागे जायला हवी. पेशंट घरी गेला म्हणून ती घरी जात नाही.

पण रेष असली तरी तिथून हॉस्पिटलपर्यंत पोचता यायला हवं. आम्ही पनवेलचे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचंच ॲक्ट्रेक आहे, कामोठ्याला मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मुंबई खाडीपलीकडे आहे. अटल सेतूचा कारचा एका वेळचा टोल २५० रुपये. तो भरताना मला विचार करावा लागला नाही. पण परळच्या टाटा हॉस्पिटलात देशभरातून माणसं येतात. आपल्याकडचे जव्हारचे, गडचिरोलीचे, शिवाय बिहारचे, झारखंडचे. त्यांच्यासाठी ‘त्रास झाला तर या’ या वाक्याचा अर्थ काय? आधी रेल्वेचं रिझर्वेशन, मग एक-दोन रात्रींचा प्रवास, बुडालेली मजुरी. अमेरिकेतल्याच पेशंटांवरचा बेंजामिन ब्रूक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोठ्या ऑपरेशननंतर ज्यांना पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं, त्यांच्यापैकी जिथे ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात परत गेलेल्यांचा ९० दिवसांत मृत्यू होण्याचा धोका, दुसरीकडे गेलेल्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होता. कारण समजायला अवघड नाही. आत कोणता जोड कुठे आहे, हे तो करणाऱ्यालाच नीट माहीत असतं. म्हणजे दूरच्या पेशंटला अंतर दोनदा महाग पडतं. एकदा तिकिटाचं, एकदा जिवाचं.

म्हणून मला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या संस्था नुसत्या दानधर्माच्या वाटत नाहीत. कर्करोगाचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे थोड्या पैशांत राहतात. वॉर्डमधून सुटलेला, पण अजून गावी जायला नको, अशा माणसासाठी ती मधली पायरी आहे. हॉस्पिटलला खाट मोकळी मिळते आणि पेशंटला परत जायचं अंतर दीड हजार किलोमीटरवरून दोन-तीन किलोमीटरवर येतं. ‘रीॲडमिशन’ हा शब्द न उच्चारता या संस्थांनी त्या प्रश्नाला हात घातला आहे. सरकारी योजनांनाही हा विचार पुढे न्यावा लागेल. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतच्या पाठपुराव्याची तरतूद आहे. पण पोटातल्या पुवाला सोळावा दिवस कळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. परत येणं इतकं नेहमीचं ठरवलं, तर हॉस्पिटलांना मोकळं रान मिळेल. अर्धवट बऱ्या पेशंटला लवकर काढा, आला परत तर ‘चालायचंच’ म्हणा. शिवाय परत येणं फुकट नसतं. ज्याच्या हातात थोडेच महिने आहेत, त्याचे चार दिवस वॉर्डात जातात. जी खाट त्याला मिळते, ती ऑपरेशनच्या तारखेची वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हे सगळं खरं आहे. टाळता येण्यासारखं परत येणं टाळलंच पाहिजे. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की वेदना नीट आवरल्या, पेशंटला लवकर खाऊ घातलं आणि लवकर चालवलं तर माणूस बराच लवकर घरी जाऊ शकतो. पण त्या पद्धतीतला लवकर डिस्चार्ज म्हणजे हात झटकणं नव्हे. पेशंटला आधीपासून तयार करणं आणि घरी गेल्यावरही त्याच्याशी संपर्क ठेवणं, हा त्याचाच भाग आहे.

म्हणून परत येणाऱ्यांची मोजदाद बंद करा, असं मी म्हणत नाही. मोजा, पण प्रश्न बदला. किती जण परत आले, याच्या जोडीला विचारा: आले ते वेळेत आले का? किती तास वाट बघून आले? ज्यांना यायला हवं होतं त्यांच्यातले किती येऊ शकले नाहीत? घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना कोणी फोन केला होता का? हे आकडे गोळा करायला जड आहेत, मला माहीत आहे. आमच्या धंद्यातही जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं. पण सोपं ते मोजून अवघड ते झालं असं समजणं, ही लबाडीच आहे.

आणि आपण, म्हणजे शेजारी, आत्या, ऑफिसातले मित्र, आपल्यालाही एक गोष्ट जमण्यासारखी आहे. कोणाच्या घरी माणूस दुसऱ्यांदा ॲडमिट झाल्याचं कळलं, की तोंडात पहिला प्रश्न येतो, ‘का? काय झालं? काही खाल्लं का चुकीचं?’ तो गिळायचा. त्याऐवजी डबा किती जणांचा आणू, रात्री कोण थांबणार आहे, हे विचारायचं. आपल्या पहिल्या प्रश्नाची धास्ती घेऊन कोणीतरी आत्ता घरात बसलेलं असतं, ताप अंगावर काढत, सोमवारची वाट बघत.

बाबांचं पिशवीचं भोक पुढे चार महिन्यांनी बंद केलं. त्या वेळी डिस्चार्ज घेताना सिस्टर नेहमीचं वाक्य म्हणाल्या, परत दिसू नका. बाबा म्हणाले, ‘लागलं तर येतो.’